पेवातला महिपती

सर्व आप्तेष्ट, व्यापारी बांधव, हमाल मंडळी आणि सांगली-सातारा परिसरातील तमाम फोटोप्रेमी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, हरिपूर येथील आमचे वडिलोपार्जित हळदीचे पेव मुदतीच्या आधी, भाव पडलेला असताना, कोणाचाही सल्ला न घेता उघडण्यात आले आहे. या कृत्याची संपूर्ण जबाबदारी कै. महिपती यांच्यावर असून त्यांच्याकडून खुलासा येण्याची शक्यता आता उरलेली नाही.

वाच, महिपती. तुझ्या नावामागे ते एक अक्षर लावायला मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत. तू कैलासावर गेलास यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. तिथे ऊन चांगलं असेल, पण हळद मिळत नाही. तू तिथे आठवडाभर राहणार नाहीस. मला आपलं वाटतं, तू साताऱ्यातच तुझ्या स्टुडिओच्या अंधारखोलीत लाल दिवा लावून बसला आहेस आणि मी दार वाजवलं की आतून ओरडणार आहेस, "उघडू नगंस रं, कागद बाहीर हाय."

माणसं मित्राच्या मागे त्याचे गुण सांगतात. मीही तेच करायला बसलो होतो. पण तुझा एकेक गुण आठवायला लागलो की त्याच्या पाठोपाठ मला झालेला मनस्ताप आठवतो, आणि मनस्ताप जास्त भरतो. तेव्हा तोच आधी सांगतो. गुण राहिले तर राहिले.

त्या मोठ्या दुष्काळापर्यंत तू एक सरळमार्गी माणूस होतास. मेढ्याकडची, फलटणकडची पोरं फौजेत भरती झाली की नवे कपडे चढवून तुझ्या स्टुडिओत यायची, छाती फुगवून उभी राहायची. तू काळ्या कापडाखालून ओरडायचास, "आरं श्वास सोड, हितंच मरशील." पोरगं हसायचं, तेवढ्यात तू दाबायचास. फोटो आईच्या हातात देऊन पोरगं गाडीला बसायचं. साधा धंदा. चारचौघांसारखा.

मग नळ कोरडे पडले. फोटो कागदावर उठला की हायपोच्या पाण्यात बुडवून पक्का करायचा, आणि मग तो हायपो जाईपर्यंत चांगल्या पाण्यात धुवायचा. नीट धुतला नाही तर पुढे डाग पडतात. वहिनी कुठून कुठून डोक्यावर हंडे आणणार आणि तू त्या पाण्यात शिपायांची तोंडं धूत बसणार, यावरून तुमच्या घरात जे झालं ते मी ओसरीवर बसून ऐकलंय. "माणसाला प्यायला पानी न्हाई, आन् तुमी फोटूला आंघूळ घालताय," वहिनी म्हणाल्या. तू बाहेर येऊन माझ्याशेजारी बसलास आणि अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिलास. त्या वर्षी ऊन सोडून आपल्याकडे दुसरं काही मुबलक नव्हतं.

"पान्याबिगर फोटू व्हाया पायजे गड्या," तू म्हणालास.

तिथे तू बिघडलास. आणि त्याला खतपाणी मी घातलं, हे तू मला मरेपर्यंत ऐकवलंस. आमच्या हौशी नाटक मंडळीत एक प्राध्यापक होते. त्यांच्याकडे फोटोच्या इतिहासाचं जाड इंग्रजी पुस्तक होतं. ते मी आणलं आणि तुझ्या ओसरीवर बसून, हातवारे करत, मराठीत सांगत सुटलो. राणीच्या काळात विलायतेत एक साहेब होता. धंदा आकाशातले तारे बघायचा. त्याच्या वेळी लोक फोटो उठवायला शिकले होते, पण उजेडात आणला की तो काळा पडायचा आणि मंडळी तो काळा पडताना बघत बसायची. या साहेबानं सांगितलं, हायपो वापरा. वापरला, आणि फोटो टिकला. आपल्या इंजिनियर लोकांचे ते निळे नकाशे असतात ना, ती रीतही त्याचीच. आणि मग तो बागेत शिरला. फुलं कुटायची, रस कागदाला लावायचा, वर चित्र ठेवून कागद उन्हात मांडायचा. ऊन लागेल तिथला रंग उडतो, झाकलेला राहतो. फुलांच्या रसात चित्र उठलं.

"मंग?" तू विचारलंस.

"मग काय, पक्कं होईना. उन्हानं उठलेलं उन्हानंच जायचं. जगाला हायपो देणाऱ्या माणसाला फुलांचा हायपो सापडला नाही. त्यानं नाद सोडला."

"सोडला?"

"सोडला."

"आन् आता कोन बघतंय त्ये?"

"कोण बघणार? कुणी नाही."

"म्हंजी ऱ्हायलंच की त्ये," तू म्हणालास. घरातल्या वडीलधाऱ्यानं विहीर अर्धी खणून सोडावी आणि ती आपल्याच वाटणीला यावी, तसा तुझा आवाज झाला होता. "त्या मानसाच्या हायपोवर मी इतकी वर्सं भाकर खाल्ली वसंता. त्याचं काम असं उघड्यावर ऱ्हावं?"

तेव्हापासून तो साहेब तुझ्या घरात 'थोरलं' झाला. त्याचं इंग्रजी नाव तुझ्या जिभेला वळेना, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. थोरलं असतं तर असं म्हणालं असतं, थोरल्यानं हितं काय केलं असतं. तुझ्या सख्ख्या आजोबांचं नाव मी तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही, पण या ताऱ्यांवाल्याला तू सर्वपित्रीला पान वाढलंस. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी तो दिवस असतो, हे तुझं शास्त्र. वहिनींनी विचारलं, "गोत्र कोन्तं सांगू?" तू म्हणालास, "हायपो सांग." त्या बाईनं तुझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेचा फोटो कुणी काढायला हवा होता.

पान कौलावर ठेवलं. कावळे लांबच्या तारेवर बसून राहिले. मी म्हटलं, साहेबाला कारल्याची भाजी झेपत नसेल. तू माझ्याकडे लक्ष न देता वर बघून हात जोडलेस आणि म्हणालास, "थोरलं, तुमचं ऱ्हायलेलं मी करतो. हळदीत करतो." एक कावळा आला आणि वडा उचलून गेला. मी म्हणतो, त्याला भूक लागली होती. तुझ्या मते मात्र तिथे करारावर सही झाली.

आणि हळदच का? कारण तुझा मित्र सांगलीत हळदीचा अडत्या. फुलं कुटायला फुलं लागतात, आणि दुष्काळात ती कुठली?

पहिला हळदीचा फोटो माझा होता, हे मला इथे नमूद केलंच पाहिजे. नाटकात मी राजा झालो होतो, त्या वेशातलं चित्र तू काचेवर उठवलंस. हळद स्पिरिटमध्ये भिजवून कागदाला चोपडली, वाळवली, वर काच ठेवली आणि सगळं प्रकरण दिवसभर पत्र्यावर उन्हात. दिवस कलल्यावर काच उचलली. मी, तू आणि तुझे चुलते तात्या, फौजेतून पेन्शनवर आलेले, तिघं खाली वाकलो. पिवळ्यावर पिवळं. राजा कुठे नाही, दरबार नाही.

तात्या तळहातावर तंबाखू मळत होते. "ह्यात मानूस कुठं हाय?" म्हणत त्यांनी चुन्याचा अंगठा कागदावर टेकवला. उचलला तर खाली लाल ठसा. हळदीला चुना लागला की लाल होतं, कुंकू असंच होतं, हे आपल्या घरच्या बायकांना जन्मापासून माहीत. तीन बाप्ये मात्र भूत बघितल्यासारखे बघत राहिलो. कारण त्या ठशाच्या आत माझी अर्धी मिशी उगवली होती.

"आयला, मिशी," तात्या म्हणाले.

तू त्यांच्या हातातली चुन्याची डबी हिसकावलीस, सगळा चुना वाटीभर पाण्यात कालवलास, वरचं निवळ पाणी कापसानं कागदावर फिरवलंस. राजा आला. मुकुट आला, तलवार आली, डोळ्यातला तोरा आला. जिथे ऊन लागलं नव्हतं तिथली हळद लालभडक, जिथे लागलं होतं तिथे कागद पांढरट. हंडाभर पाणी नाही, चांदीचं रसायन नाही, विलायती कागद नाही. तू मला मिठी मारलीस. तुझे हात कोपरापर्यंत पिवळे होते आणि माझा सदरा नवा होता. मागे तात्या कुरकुरत होते, "राजा झाला, पर माझा चुना ग्येला." त्या दिवसाइतका आनंदी माणूस मी परत पाहिला नाही. सदऱ्याचे डाग गेले नाहीत. तो सदरा मी टाकला नाही, हे तुला सांगायचं राहून गेलं.

पण महिपती, तो राजा टिकला का? तू तो मोठ्या तोऱ्यात स्टुडिओच्या दर्शनी लावलास. थोड्याच दिवसांत मुकुट गेला, मग मिशी, आणि शेवटी कागदावर नुसती एक आजारी सावली उरली. साताऱ्याच्या गादीवर इतक्या निमूटपणे कुणी खालसा झालं नसेल.

तिथून पुढची वर्षं मी कशी काढली, ते परमेश्वराला ठाऊक. सकाळी मी अडतीवर हळदीची बोली लावत असायचो आणि तू एस.टी.तून उतरून, बोटं पिवळी, धोतराला लाल शिंतोडे, लग्नातून पळून आलेल्या नवरदेवासारखा समोर उभा राहायचास.

"वसंता, जमलं."

त्या शब्दाची मी धास्ती घेतली होती. एकदा तुरटीनं जमलं. एकदा हिरड्यानं. एकदा चिंचेच्या कोळानं, आणि तो फोटो मुंग्यांनी नेला. एकदा ताकानं जमलं, त्याचा वास अडतीत राहिला आणि व्यापारी बोली न लावता निघून गेले. दर वेळी फोटो माझ्या दुकानाच्या दारावर लावायचा, दर वेळी तो फिका व्हायचा, आणि दर वेळी तू माझ्याकडे बघून म्हणायचास, "ऊन लय झालं." चूक सूर्याची. तू सूर्यावर ढकलायचास, महिपती. तुझ्या चुका अंगावर घ्यायला त्याच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.

आणि मग तुझी नजर माझ्या पेवाकडे गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तू जरा गप्प बस: हरिपुरात जमिनीत खोल खड्डे आहेत, तोंड लहान, पोट मोठं. त्यात हळद भरायची, तोंड मातीनं बुजवायचं आणि भावाची वाट बघायची. हळद आत तशीच राहते. उजेडाचा कण जात नाही. त्या वर्षी माझं पेव रिकामं होतं. तू आत उतरलास, आतून हाक मारलीस, "आरं, ह्ये तर थोरल्यांनी माझ्यासाठीच खनून ठिवलंय," आणि तुझे सगळे फोटो सुतळीला टांगून दिलेस. मग लोक फोटो बघायला पेवात उतरू लागले. खाली तू कंदील धरून उभा. वर मी. मी काय करत होतो? मी नाटकातल्यासारखी तिसरी घंटा देऊन एकेकाला शिडीवर सोडत होतो. मला मजा येत होती, नाकारत नाही. एक जाड सावकार शिडीवर अडकला, तेव्हा तू खालून आणि मी वरून, आपण दोघं इतके हसलो की त्याला काढायला हमाल बोलवावे लागले.

तिथेच आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

"जो फोटो बघितला की जातो, तो फोटो कसला?" मी म्हणायचो.

"बघून जात न्हाई रं. उन्हानं जातो."

"मग अंधारात ठेवून करायचं काय?"

"ऱ्हातो तरी."

"कुणासाठी राहतो? हळदीच्या कांड्यांसाठी?"

यावर तू मेढ्याकडच्या त्या म्हातारीचा दाखला द्यायचास. तिचा पोरगा फौजेत. तू त्याचा हळदीचा फोटो फुकट करून दिलास. तिनं तो जोंधळ्याच्या कणगीत ठेवला. दिवाळीला तेवढा काढायची, दिव्याच्या उजेडात बघायची, परत आत. टिकला. पोरगाही धडधाकट परत आला. "बघ," तू म्हणायचास, "तिला कळलं, तुला कळंना." मी म्हणायचो, तिला पोरगा मिळाला, फोटोचं कौतुक कुणाला. तू चिडून निघून जायचास आणि पुढच्या एस.टी.नं परत यायचास, कारण हळद विसरलेली असायची.

आता तुझ्या फोटोविषयी. दिवसाला तीस-तीस माणसांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही फोटो नसावा, हे फक्त तुला जमू शकतं. तुझ्या लग्नातसुद्धा कॅमेऱ्यावर तुझा भरवसा, दुसऱ्या माणसावर नाही. स्वतः सगळं जुळवून तू पळत वहिनींशेजारी यायला निघालास आणि पोचायच्या आत फोटो निघाला. त्यात नऊवारीतल्या वहिनी आहेत आणि त्यांच्या बाजूला एक पांढरा धुरळा आहे. वहिनी लोकांना दाखवताना बोट ठेवून सांगतात, "ह्ये आमचं मालक." पुढे अंधारखोली आली आणि तू दिवसाचा उरलासच नाहीस. "दिस उगवायच्या आत आत शिरत्यात आन् दिवं लागल्यावं भाईर येत्यात. माझ्या नवऱ्याचा रंग गोरा का काळा, मला इचारू नगा," हे वहिनींचं वाक्य सगळ्या आळीला पाठ होतं.

गेल्या माघात तू मला बोलावून घेतलंस. कॅमेरा लावला, स्वतः खुर्चीत बसलास आणि रबरी फुगा माझ्या हातात दिलास. "म्या सांगितलं की दाब." का, ते सांगेनास. मला तर अशी संधी परत मिळणार नव्हती. मी काळ्या कापडाखाली शिरलो, बाहेर आलो, मान वाकडी करून तुला न्याहाळलं, "हनुवटी जरा... नाही, तशी नको" असं तुझंच सगळं तुला ऐकवलं. तू तोंड उघडलंस, "दाब की रं," आणि मी तेवढ्यात दाबलं.

चैत्र संपता संपता पेव भरत होतो, तेव्हा तू पत्र्याचा चपटा डबा घेऊन आलास. डबा चहूबाजूंनी डाग देऊन बंद केलेला.

"वसंता, जमलं."

मी हळदीच्या ढिगावर बसलो. तू या वेळी नाचत नव्हतास. हळू बोलत होतास. डब्यात तुझा स्वतःचा फोटो होता, हळदीतला, आणि तू त्याला काहीतरी लावलं होतंस. काय, ते सांगेनास. "प्याव उघडलं की सांगतो. आत्ता सांगितलं तर तू नाटकात बोलशील." पेव उघडेपर्यंत तो आत मुरायला हवा, मग उन्हात. कितीही उन्हात. मी विचारलं, काच कुठे आहे? तू म्हणालास, खरवडून टाकली. मूळ काच आणि त्यावरून केलेली, दोन्ही. "दोर कापून टाकलं गड्या. ठरला तर ह्योच."

"निदान याचा साध्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढून ठेवू," मी म्हटलं.

तू इतका लाल झालास की चुना लागलाय असं वाटलं. "फोटूचा फोटू काढलास तर ह्यो फसला म्हनून मीच लिवून दिल्यावानी हाय. काढायचा न्हाई. माझी आन हाय तुला."

डबा हळदीत गेला. तोंड बुजवलं. आणि पेव उघडायच्या आत तू गेलास. छातीत कळ आली म्हणालास, वहिनींनी चहा ठेवला, आणि तो उकळायच्या आत. मला हे लिहायचं नव्हतं. एवढ्यावर सोडतो.

मी वहिनींना विचारलं, त्यानं त्या फोटोला काय लावलं होतं, काही बोलला का? वहिनी म्हणाल्या, "च्यात साकर किती घालू ह्ये कवा सांगितलं न्हाई त्यांनी, त्ये सांगत्यात व्हय?"

दहाव्याला संगम माहुलीला गेलो. पिंड ठेवला, कावळा शिवेना. तुझ्या भावानं सांगितलं, वहिनींना अंतर देणार नाही. कावळे बघत राहिले. तात्यांनी सांगितलं, स्टुडिओ बंद पडू देणार नाही. एक कावळा पाठ फिरवून बसला. ऊन वाढत होतं, भटजी घड्याळाकडे बघत होते. मला खरं तर त्या आधीच कळलं होतं तुला काय हवंय, पण भाव पडलेला, आणि एकदा उघडलेलं पेव रिकामंच करावं लागतं. मी दात-ओठ खात पुढे झालो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "उघडतो, बाबा. उघडतो पेव." वाक्य पुरं व्हायच्या आत झडप. साताऱ्याचे कावळे तुला सामील आहेत, महिपती, आधीपासूनच.

पेवाचं तोंड उघडून आतली कोंदट हवा जाऊ दिली, कंदील सोडून बघितला, मग मी स्वतः उतरलो. हमालांना उतरू दिलं नाही. डबा कमरेभर हळदीत होता. तो मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसलो. कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय?" मी म्हटलं, "फोटो." "कुनाचा?" "अजून बघितला नाही." त्यानं तिकीट फाडलं आणि साताऱ्यापर्यंत माझ्याकडे परत आला नाही.

तेराव्याला, माजघरात, दार लोटून, समईच्या उजेडात मी आणि वहिनींनी डबा उघडला.

तू होतास. महिपती, इतका स्वच्छ फोटो मी तुझ्या हातचा पाहिला नव्हता. कानावरचा केस न् केस. कपाळावरची आठी. आणि तोंड अर्धं उघडं, "दाब की रं" म्हणतानाचं. मरून तेरा दिवस झालेला माणूस माझ्यावर खेकसत होता. मी हसलो, आणि मग ते हसणं हाताबाहेर गेलं. वहिनी फोटोकडे बघत राहिल्या, समई पुढे केली, मागे घेतली.

आणि मग मला भीती वाटली. तू मला कुठे आणून ठेवलंस ते तेव्हा उमगलं. हा फोटो अंधारात राहिला, तर तू राहतोस आणि तुझा शब्दही राहतो. कुणी म्हणू शकत नाही की महिपतीला जमलं नाही. उन्हात गेला आणि उडाला, तर चेहरा गेला, थोरल्यांचं राहिलेलं राहिलंच, आणि तू आयुष्यभर हळद नासत बसलास असं लोक म्हणणार. फोटोचा फोटो काढायचा नाही, तुझी आण. काय लावलंस ते माहीत नाही. आयुष्यभर मी म्हणत आलो, बाहेर काढ, उजेडात आण. आणि आता मीच डब्याचं झाकण हातात घट्ट धरून उभा होतो. आपल्या भांडणातली माझी बाजू तू जाताना माझ्याकडून काढून घेतलीस आणि तुझी माझ्या गळ्यात मारलीस. हा अन्याय मी विसरणार नाही.

आज त्याला पंधरवडा झाला. मी दर दोन दिवसांनी एस.टी. धरून साताऱ्याला जातो, अंगणाच्या भिंतीवर टांगलेल्या तुझ्या फोटोसमोर उभा राहतो आणि तुझ्या मिशीकडे बघतो. मला वाटतं, डाव्या बाजूला किंचित उतरलीय. वहिनी म्हणतात, तुमचं डोळं उतरल्यात. तात्या म्हणतात, त्यांना आधीपासूनच काही दिसत नव्हतं. आठी मात्र आहे. उघडं तोंड आहे. तुला जमलं की नाही, हे मला आज सांगता येत नाही, आणि उद्या सांगता आलं तर कुणाला सांगू, ते तू सांग.

भिंतीवर तो कसा गेला, तेवढं सांगतो आणि थांबतो. बाहेर अंगणात पाहुणे जमले होते. भिंतीजवळ खुर्ची मांडली होती, हार तयार होता, आणि खुर्चीवर दुपारचं ऊन सरळ पडलं होतं. मी वहिनींना सांगत होतो, फोटो आत ठेवू, पाहुण्यांना एकेक करून समईच्या उजेडात दाखवू, मी दारात उभा राहतो. वहिनींनी ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून फोटो काढून घेतला, दार ढकललं आणि चालू लागल्या. मी मागे धावलो. सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडलो, "वहिनी, उन्हात नको. जाईल तो."

त्या थांबल्या नाहीत. तू त्यांच्या हातात, तोंड अर्धं उघडं, भर उन्हात, आणि त्या मागे न बघता, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या:

"मानूस ग्येला तो काय उन्हानं ग्येला? एक डाव उजेडात बघू तर द्या मला."